सांगितलेला फोटो

हॉल बघायला मी जाते ते मुहूर्ताच्याच वेळेला. दुपारचं लग्न असलं तर दुपारी, गोरज असलं तर दिवस मावळताना. मॅनेजर लोकांना हे कळत नाही. ते एसी दाखवतात, नवरीची खोली दाखवतात, जेवणाचा हॉल दाखवतात, आणि मी आपली स्टेजवर उभी राहून श्रियाचं तोंड इकडून तिकडं फिरवून बघत असते. श्रिया म्हणजे माझी लेक. दात यायलेत, त्यामुळं सगळं जग तिला चावून बघायचंय. ती कडेवर असली की उजेड बघायला वेगळं माणूस उभं करावं लागत नाही. गालावर प्रकाश कुठून येतो, नाकाखाली सावली किती पडते, कापडाचा रंग तोंडावर उतरतो का, सगळं तिच्यावरच कळतं.

नळदुर्गाजवळच्या त्या मंगल कार्यालयात छताला गुलाबी कापड होतं.

"हे काढून पांढरं लावा," मी मॅनेजरला म्हणाले.

"ताई, गुलाबी लोकांना लई आवडतंय."

"आवडू दे. फोटोत नवरीला गोवर आल्यावानी दिसतंय."

राजेश्वरीकाकू शेजारी उभ्या होत्या, त्या पदर तोंडाला लावून हसल्या. लग्न त्यांच्या लेकीचं, सृष्टीचं. लोहाऱ्यात तहसीलच्या मागं काकूंची खानावळ आहे. कारकून, एसटीचे ड्रायव्हर, बँकेत नवीन बदलून आलेली एकटी पोरं, सगळी त्यांच्या भाकरीवर. नवरा, रणधीर, सृष्टी बालवाडीत असताना सोलापूरला गेला आणि तिथंच दुसरं घर करून राहिला. फारकत नाही, भांडण नाही, नुसता गेला. चूल आणि लेक, दोन्ही काकूंनी एकटीनं सांभाळलं.

कुठल्याही लग्नाआधी मी घरच्यांना दोन गोष्टी विचारते. कुणाकुणाचे फोटो चुकवायचे नाहीत, आणि कोण कुणाशी बोलत नाही. दुसरी जास्त महत्त्वाची. अबोला असलेल्या दोन जावा शेजारी उभ्या केल्या की फोटोत त्यांच्या मधली हवासुद्धा दिसते, आणि मग अल्बम बघताना शिव्या आम्हाला.

काकूंना विचारलं तर म्हणाल्या, "बाकीचं तू तुझ्या मनानं काढ माय. मला एकच फोटो पाहिजे. कन्यादानाचा. माझ्या हातावर तिचा हात हाय आन् वरनं पाण्याची धार पडायलीय, असा."

"जोडीला कोण बसणार?" मला चौकट ठरवायची होती म्हणून विचारलं.

"कुणी न्हाय. मी एकटी."

"आणि मामा-मामी?" मामा म्हणजे काकूंचे थोरले भाऊ हिंमतराव. लग्नाची सगळी धावपळ त्यांच्याच हातात होती.

"दादा म्हणायलेत, आमी दोघं बसतो. मी म्हणलं, पोरगी म्या वाढवलीय, हात बी म्याच देणार."

"गुरुजींना चालतंय?"

"विचारलं. म्हणले, बघू."

ते 'बघू' मला आवडलं नाही. बघू म्हणणारा माणूस शेवटी ज्याचा आवाज मोठा त्याचं ऐकतो.

"रणधीरकाका आले तर?"

काकूंनी श्रियाच्या हनुवटीवरची लाळ पुसली. "आले तर येऊ द्या. पोरीचा बाप हाय. त्याचा फोटो काढू नको असं मी म्हणायची न्हाय. पण माझ्या शेजारी नको."

मी स्टेजवर खडूनं खूण केली. पाट इथं. असा ठेवला की डावीकडच्या मोठ्या दारातला उजेड काकूंच्या तोंडावर येणार, फ्लॅश मारायचीसुद्धा गरज नाही. परात या बाजूला, म्हणजे पाण्याच्या धारेमागं अंधार राहील आणि धार उठून दिसेल. मग तुळजापूरला विष्णुपंत गुरुजींना फोन लावला. गुरुजींशी आधीच बोलून ठेवावं लागतं. नाहीतर ऐन वेळी ते मधे येतात आणि अख्ख्या विधीभर त्यांची पाठच निघते.

"गुरुजी, कन्यादानाला तुम्ही परातीच्या पलीकडं बसाल का? समोर बसलात की तुमची नुसती पाठ येते."

"पाठही बरी आहे हो आमची," ते म्हणाले. पण कबूल झाले.

लग्नाच्या दिवशी आमची जीप सकाळीच कार्यालयात लागली. पुढं माझा नवरा श्रीनाथ. व्हिडिओ त्याच्याकडं, फोटो माझ्याकडं. मागं स्टँड, लाईट, बॅटऱ्या, त्यांच्यावर श्रियाची दुपटी, आणि दुपट्यांना टेकून माझी सासू, अयोध्याबाई. मी त्यांना आत्याबाई म्हणते. आमच्या ऑर्डरीला सासूसकट येतो आम्ही, हे आता लोहाऱ्यात सगळ्यांना माहीत झालंय. पहिल्या लग्नात एकानं टोमणा मारला होता, अंगावर पिणारं लेकरू घरी ठेवून बाई स्टेजवर कशी हिंडती म्हणून. आत्याबाईंनी तिथंच उत्तर दिलं, "घरी कुठं ठेवलंय? हे काय, माझ्या मांडीवर हाय. तुमी जेवायला बसा."

माणसं यायच्या आधी मी वस्तूंचे फोटो उरकून घेते. मुंडावळ्या, हिरवा चुडा, रुखवताचं ताट, अक्षतांची टोपली. एकदा माणसांचे हात लागले की त्या वस्तू तशा राहत नाहीत. हळदीला कॅमेऱ्याला प्लास्टिकची पिशवी बांधते, नुसती काच उघडी ठेवते, कारण बायका नवरीला सोडून फोटोवालीलाच माखतात. त्या दिवशीही माखलं. सृष्टी हसत होती. तिच्या पायाशी बसून काकू बोटानं हळद लावत होत्या, गालाला नाही, तळपायाला, सावकाश, एखाद्या लहान लेकराच्या पायाला तेल चोळावं तशी. तो फोटो मला कुणी सांगितला नव्हता. पण घेतला.

नवरदेवाचा परण्या मारुतीच्या देवळाकडून वाजत आला आणि त्याच गर्दीतून रणधीरकाका आत आले. पांढरेशुभ्र कपडे, डोक्याला भगवा फेटा, गॉगल. हिंमतमामांनी त्यांना भर दारात मिठी मारली. मी फोटो काढला. काढायचाच होता. माणूस कॅमेऱ्यात लई चांगला दिसत होता, आणि त्याला ते ठाऊक होतं.

"कुठाय आमची लेक?" त्यांनी मोठ्यानं विचारलं. चार पाव्हण्यांनी माना वळवल्या.

मी नवरीच्या खोलीत गेले तेव्हा श्रिया रडून लाल झाली होती. कोपऱ्यात भिंतीकडं तोंड करून बसले, पदर घेतला, तिला अंगावर घेतलं. समोर सृष्टीच्या केसांत गजरा माळणं चाललं होतं आणि काकू तिच्या साडीच्या निऱ्या सारख्या करत होत्या. एवढ्यात दारातून मामांचा आवाज आला. ते आत आले नाहीत, तोंड बाजूला करून उंबऱ्याबाहेरच उभे राहिले.

"राजे, रणधीर आलाय."

"बघितलं."

"पाव्हणे सारखं इचारत हुते, पोरीचा बाप कुठाय. आता सांगायला तोंड हाय आपल्याला. तुमी दोघं जोडीनं बसा कन्यादानाला. घटकाभराचा तर प्रश्न हाय."

"मी त्यांच्याशेजारी बसणार न्हाय दादा."

"मग नको बसू. तो बसंल. बाप आसताना बाई एकटी पाटावर बसलेली कुठं बघितलीस तू?"

"चुलीपुढं रोज एकटीच बसत हुते की. तवा कुणी म्हणलं न्हाय, जोडी पाहिजे म्हणून."

"तिथलं येगळं, हिथलं येगळं. पाव्हण्यांत माझा शब्द गेलाय. खामखा तमाशा करू नको."

मामांची पावलं लांब गेली. सृष्टी मेंदीचे हात वर धरून तशीच बसली होती. "आई, ते बसले तर मी..."

"गप. डोळ्यातलं काजळ उतरंल." काकूंनी शेवटची निरी खोचली. "गुरुजी म्हणलेत ना, बघू."

फोटोवालीनं घरच्या बोलण्यात तोंड घालायचं नसतं, हे श्रीनाथनं मला पहिल्या दिवशी शिकवलंय आणि मी ते पाळत आलेय. श्रियानं नेमका तेव्हाच नवीन दात लावला. मी ओठ दाबून बसले.

मंगलाष्टकांना मी प्लास्टिकच्या खुर्चीवर चढते. अक्षता हवेत थांबलेल्या दिसायला पाहिजेत तर वरूनच घ्यावं लागतं, आणि शेवटच्या 'सावधान'च्या जरा आधी बटण दाबावं लागतं, कारण आपली माणसं 'सावधान' संपायची वाट बघत नाहीत, आधीच फेकतात. अंतरपाट खाली आला, तांदूळ उडाले, ताशा वाजला. हार घालताना नवरदेवाला मित्रांनी उचललं. मी ओरडले, "परत! मित्रांनो, खाली ठेवा, परत एकदा." त्यांनी निमूट खाली ठेवलं आणि परत उचललं. आजकालच्या लग्नात हे एक आहे. नवरदेवाच्या बापाचं कुणी ऐकणार नाही, पण फोटोवाल्यानं परत म्हटलं की वराती परत फिरतात, हार परत काढतात, आशीर्वाद देणारे म्हातारे परत हात वर करतात. गुरुजीसुद्धा मंत्र धरून ठेवतात.

कन्यादानाचा पाट माझ्या खडूच्या खुणेवर ठेवला होता. परात बरोबर बाजूला. विष्णुपंत गुरुजी कबूल केल्याप्रमाणं पलीकडं. मोठ्या दारातून उजेड अगदी मी म्हटला तसा येत होता.

आणि पाटावर रणधीरकाका बसले होते. गॉगल काढून खिशाला लावला होता.

काकू स्टेजच्या कडेला, फुलांच्या खांबाशी उभ्या होत्या. हातात काही नव्हतं त्यांच्या. एरवी मी त्यांना रिकाम्या हातानं कधी बघितलेलं नाही.

"यजमानीणबाई?" गुरुजींनी विचारलं.

"ती बसत न्हाय," मामा म्हणाले. "करा तुमी पुढं."

गुरुजींनी काकूंकडं बघितलं, मामांकडं बघितलं. मग पूजेच्या ताटातून एक सुपारी उचलली आणि रणधीरकाकांच्या हातात दिली. "कमरेला खोचा."

मी हे आधी बघितलेलं आहे. बायको माहेरी असली, आजारी असली किंवा गेलेली असली तर माणूस पूजेला बसताना तिच्या जागी कमरेला सुपारी लावतो. एका मास्तरांच्या सत्यनारायणाला मी त्या सुपारीचा फोटोही काढलाय. त्यांची बायको बाळंतपणाला गेली होती आणि मास्तर सुपारीकडं बघून लाजत होते. त्यात काही वाईट वाटलं नव्हतं. पण इथं बायको खांबाला टेकून उभी होती. जितीजागती. सकाळी लेकीच्या तळपायाला हळद लावलेली.

रणधीरकाकांनी सुपारी कमरेला खोचली. हिंमतमामांच्या बायकोनं, सारजाबाईंनी, धार धरायला पाण्याची झारी उचलली. नवरदेवानं हात पुढं केला, सृष्टीनं त्यावर आपला ठेवला. रणधीरकाकांनी खालून हात धरला, मान जरा तिरपी केली आणि माझ्याकडं बघून हसू तयार ठेवलं. सगळे माझ्याकडं बघत थांबले. गुरुजीसुद्धा.

"घ्या ताई," गुरुजी म्हणाले.

मी कॅमेरा खाली केला. गळ्यातल्या पट्ट्यावर सोडून दिला, तो पोटावर येऊन लागला.

"बॅटरी गेली काय?" रणधीरकाका हसूनच म्हणाले.

"बॅटरी हाय."

"मग?"

"हा फोटो मला सांगितलेला नाही."

मामा पुढं आले. "सांगितलेला न्हाय म्हंजे? म्या सांगतोय की आता."

"फोटोची ऑर्डर काकूंची आहे, मामा. त्यांनी कन्यादानाचा एकच फोटो सांगितलाय. त्यांच्या हातावर लेकीचा हात. हा तो नाही."

"अगं, तू काय..." मामा म्हणायला लागले. बाजूच्या खुर्च्यांवरून कुजबुज सुरू झाली. नवरदेवाकडचं कुणीतरी म्हणालं, आटपा हो, पंगत खोळंबली. श्रीनाथ स्टँडपाशी उभा होता, तो दबक्या आवाजात म्हणाला, "रंजना, घे की एक. काय करायलीस?"

"नाही घेत."

"उद्यापासून लोहाऱ्यात..."

"नाही घेत म्हटलं ना."

मी हात पाठीमागं बांधून उभी राहिले, शाळेत मास्तरांपुढं उभं राहतात तशी. फरक एवढाच की मान खाली घातली नाही.

"ए, मोबाईलवर काढा रे कुणीतरी!" मामा ओरडले. "हिच्यावाचून आडतंय व्हय?"

पुढच्या रांगेतले दोघंतिघं मोबाईल घेऊन उठले. तेवढ्यात सगळ्या हॉलमधून एक आवाज आला. आवाज म्हणजे, माणसं बोलता बोलता एकदम गप्प होतात तसला.

स्टेजच्या बाजूला मोठा एलईडी पडदा होता. श्रीनाथच्या कॅमेऱ्यात जे दिसतं ते त्यावर लागतं. मागं बसलेल्यांना नवरानवरी त्यावरच बघायला मिळतात. त्या पडद्यावर आता नवरा नव्हता, नवरी नव्हती, पाट नव्हता. राजेश्वरीकाकू होत्या. भिंतीएवढ्या. खांबाला टेकलेला खांदा, डोक्यावरचा पदर, आणि कोरडे, लेकीवर लागलेले डोळे. काकूंना स्वतःला ते माहीत नव्हतं. त्या पडद्याकडं बघतच नव्हत्या.

मी वळून श्रीनाथकडं बघितलं. तो डोळा कॅमेऱ्याला लावून उभा होता आणि माझ्याकडं बघायला तयार नव्हता.

"व्हिडिओवाले! इकडं फिरवा ते!" मामा म्हणाले.

"स्टँड ढिला झालाय, मामा," श्रीनाथ म्हणाला. "बघतोय."

मोबाईल घेऊन उठलेली पोरं पडद्याकडं बघत तशीच उभी राहिली. त्यातल्या एकानं मोबाईल खिशात घातला. आणि बायकांच्या बाजूनं, श्रियाला खांद्यावर थोपटत, माझ्या सासूचा आवाज आला. तो हळू कधीच नसतो.

"सुपारीनं भाकरी थापल्या व्हय एवढी वर्षं? सुपारीनं पोरीला शाळंत घातलं?"

एक बाई फिसकन हसली. मग दुसरी. हसू पसरत गेलं तसे मामा लाल होत गेले. सृष्टीनं नवरदेवाच्या हातावरचा हात काढून घेतला आणि मांडीवर ठेवला.

"मी हात देत नाही," ती म्हणाली. "आईला बसवा."

गुरुजींनी मंत्रासाठी उघडलेलं तोंड मिटलं आणि पळी खाली ठेवली.

काकू खांबापासून निघाल्या. घाईनं नाही. खानावळीत कुणी ताटावर वाकडं बोललं की त्या स्वयंपाकघरातून बाहेर येतात तशा, हात पदराला पुसत. पाटापाशी येऊन उभ्या राहिल्या.

"उठा."

रणधीरकाकांनी वर बघितलं. "राजेश्वरी, चार लोकांत हे बरं दिसतं का?"

"चार लोकांतच म्हणायला लागतंय. एकांतात म्हणायला तुमी हुतात कुठं?"

ते मामांकडं बघायला लागले. मामा पडद्याकडं बघत होते. तिथं अजूनही त्यांची बहीणच होती, फक्त आता तिची पाठ. रणधीरकाका उठले. फेटा सावरला, गॉगल डोळ्यांना लावला, आणि निघाले तेव्हा काकूंनी हात पुढं केला.

"सुपारी."

"आँ?"

"ती देऊन जावा."

त्यांनी कमरेची सुपारी काढून काकूंच्या तळहातावर ठेवली. काकूंनी ती पदराच्या टोकाला पुसली, आपल्या कमरेला निऱ्यांपाशी खोचली आणि पाटावर मांडी घालून बसल्या.

"गुरुजी, बायकोच्या जागी चालती तर नवऱ्याच्या जागी बी चालंल न्हवं?"

विष्णुपंत गुरुजींनी चष्मा काढला, उपरण्यानं पुसला, परत घातला. आख्खा हॉल त्यांच्या तोंडाकडं बघत होता, आणि मला ते 'बघू' आठवलं.

"आजवर मी ही पुरुषाच्याच कमरेला दिलीय," ते म्हणाले. "पण सुपारीला त्याचं काही वाटत असेल असं दिसत नाही. बसा नीट. उजवा हात पुढं करा."

"ह्यो नवरा लई बरा," आत्याबाई म्हणाल्या. "बोलत तर न्हाय."

आता मात्र पुरुषांच्या बाजूचेही हसले. मी कॅमेरा उचलला.

नवरदेव इतका वेळ हात पुढं धरून अवघडून बसला होता. त्यानं हात झटकला, परत पसरला आणि काकूंना हळूच विचारलं, "आई, असा धरू का?" काकूंनी खालून त्याचा हात धरला, वर सृष्टीनं आपला ठेवला. सारजाबाई झारी घेऊन उभ्या होत्या. त्यांनी झारी वाकवली.

"सारजे, ठेव ती खाली," मामा म्हणाले. "आपला काय संबंध आता?"

"धार सुटली की हो," सारजाबाई म्हणाल्या. मान वर केली नाही, पण झारीही सरळ केली नाही. "सुटलेली धार मधेच तोडू नये. तुमीच सांगता."

पाणी पडायला लागलं. मी गुडघ्यावर बसले होते. दारातला उजेड काकूंच्या अर्ध्या तोंडावर आला होता. मागं अंधार, आणि अंधारावर पाण्याची पांढरी दोरी. ती मेंदीच्या हातावर पडायची, तिथून नवरदेवाच्या, तिथून खाली काकूंच्या तव्यानं भाजलेल्या बोटांवरून परातीत. गुरुजींचा आवाज चालू झाला. मला ठरवायचं होतं की नजर पाण्यावर धरायची का तोंडावर. हातांवर धरली. काकूंनी हातच सांगितला होता.

मागं श्रिया रडायला लागली. भुकेचं रडणं आईला वेगळं ओळखू येतं. आवाज कानावर पडला आणि छाती भरून आली, ब्लाऊज ओला झाला, मला कळत होतं. पण उठले नाही. आत्याबाई काहीतरी गाणं म्हणत तिला दारापर्यंत नेऊन आणत होत्या. थांब गं बाई, मी मनात म्हणत होते, एवढी एक धार संपू दे. सृष्टीचे डोळे वाहत होते, काकूंचे नव्हते. त्या कॅमेऱ्याकडं बघतच नव्हत्या. सगळी माणसं कॅमेऱ्याकडं बघतात. ही बाई स्वतः सांगून काढून घेतलेल्या फोटोतसुद्धा लेकीच्या हाताकडं बघत होती, आणि तिच्या ओठांवर, अगदी थोडं, भांडण जिंकलेल्या माणसाचं हसू होतं.

एरवी अशा वेळी मी 'परत एकदा' म्हणते, खात्रीसाठी. तेव्हा म्हटलं नाही.

धार संपली तशी मी पळत खोलीत गेले. श्रियानं मला दोन्ही मुठींनी धरलं आणि अशी तुटून पडली की जणू वर्षाची उपाशी. तिच्या कपाळावर कुणीतरी हळद लावली होती. मी तिच्या कानात सांगितलं, तुझ्या आजीनं आज काय केलं आणि तुझ्या बापाचा स्टँड कसा ढिला झाला. ती मधेच थांबून माझ्याकडं बघून हसली, दूध गळलेल्या तोंडानं, आणि परत कामाला लागली.

मी बाहेर आले तेव्हा स्टेजवर घरच्यांचा मोठा फोटो मांडायचा होता. रणधीरकाका जेवायला न थांबता गेले, असं कुणीतरी म्हणालं. मामा मात्र होते. ते माझ्याच वाटेवर उभे होते.

"फोटोवाल्या बाई."

"बोला मामा."

"भाड्यानं आणलेल्या माणसानं घरच्या कार्यात हात घालायचा नसतो. लोहारा तालुक्यात तुमाला इथून पुढं कोण ऑर्डर देतंय, ते म्या बघतो."

मला उत्तरं पुष्कळ सुचली. पण मागं सगळे आपापल्या जागा धरून उभे राहिले होते, उजेड उतरायला लागला होता आणि सारजामामी हातानं खूण करून मामांना बोलवत होत्या.

"बघा की," मी म्हणाले. "पण आधी फोटोला चला. तुम्ही नवरीचे मामा आहात, तुमच्यावाचून कसा काढू?"

ते घुश्शातच स्टेजवर चढले. मी काकूंना मधे घेतलं, नवरानवरीच्या बरोबर मागं. एका पाव्हण्यानं तिथं मामांना जागा करून दिली होती. मी त्याला म्हटलं, नाही, तिथं काकू. मामा कडेला, मामींच्या शेजारी. मामा सरकले. काकूंच्या कमरेला सुपारी अजून तशीच होती, पदराआडून जरा दिसत होती, त्यांनी ती झाकली नाही.

"मामा, खांदे सोडा. फेटा वर घ्या जरा. अजून. हां."

त्यांनी घेतला.

"आता सगळे इकडं बघा."

मामांनीही बघितलं.